उद्या उपास

१

डॉक्टर चैतन्य पाठारे यांचं डोकं फोडणाऱ्याचं एका घावाने समाधान झालं नव्हतं. ऑपरेशन थिएटरच्या फरशीवर ते पालथे पडले होते आणि मागची कवटी अशी खचली होती, की इन्स्पेक्टर संघमित्रा गमरेने आधी भिंतीकडे पाहून घेतलं आणि मगच ती खाली वाकली. शेजारी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर आडवा पडला होता. त्याच्या पांढऱ्या मानेला रक्त आणि केस चिकटले होते. शिंतोडे छतावरच्या मोठ्या दिव्यापर्यंत उडाले होते. उभी हयात लोकांना भूल देऊन पुन्हा सुखरूप जागं करण्यात घालवलेल्या माणसाला कोणी तरी त्याच्याच सिलिंडरने कायमचं झोपवलं होतं.

"आरोपी सुटला नाही मॅडम," हवालदार नाना म्हणाले. "जगतो की नाही, तेवढं बघायचं."

आरोपी बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून बसला होता. नितेश परब, दहिसर चेकनाक्याजवळच्या चाळीत राहणारा, गॅरेजमधला मेकॅनिक. त्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता, पुढचे दात पडले होते आणि शर्ट रक्ताने भिजला होता. त्यातलं त्याचं किती आणि डॉक्टरांचं किती, ते सांगणं कठीण होतं. वॉर्डबॉय मिथुन अजून सलाइनचा वाकलेला स्टँड हातात घेऊन उभा होता.

"ठेव तो खाली," संघमित्रा म्हणाली.

"मॅडम, याची बायको मानसी आठवड्यापूर्वी इथे टेबलावर गेली. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. भूल दिली, तिला उलटी झाली, पोटातलं सगळं फुप्फुसात गेलं. त्या दिवशी याने काचा फोडल्या, पाठारे सरांचा गळा धरला. जिवंत सोडणार नाही म्हणाला. सगळ्यांनी ऐकलंय. आज सकाळी मी वर आलो तर हा थिएटरच्या दारातून रक्ताने लाल हात घेऊन बाहेर येत होता. तिथेच धरला आणि तिथेच तुडवला."

नितेशने मान वर केली. दात नसल्याने शब्द फसफसत होते. "मला पाठारे सरांनीच बोलावलं. काल फोन केला. म्हणाले, मानसीबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय, सकाळी थिएटरपाशी ये. मी आलो तर हे असे... मी डोकं उचललं मॅडम. माझ्या हातात..."

संघमित्राचा फोन वाजला. वरिष्ठ साहेब होते. डॉक्टरांच्या संघटनेने उद्यापासून संप पुकारला होता. खाली चॅनेलवाले जमले होते. "गमरे, शेंबड्या पोरालाही कळेल अशी केस आहे. संध्याकाळपर्यंत कागद पूर्ण कर."

तिने फोन खिशात टाकला आणि पुन्हा थिएटरच्या दाराकडे वळली. दोन्ही बाजूंनी ढकलून उघडायच्या त्या दाराच्या आतल्या पितळी मुठीवर रक्ताचा अख्खा पंजा उमटला होता. तो नितेशचा, यात शंका नव्हती. पण मुठीच्या बऱ्याच वर, संघमित्राच्या बरगड्यांच्या उंचीला, दुसरा एक डाग होता. पसरट, कापड घासल्यासारखा, आणि त्यात एकाही बोटाचा ठसा नव्हता. दाराबाहेर हात धुवायच्या मोठ्या सिंकच्या नळाला लांब दांडा होता. त्या दांड्यावर तसाच पसरट डाग होता. सिंक मात्र स्वच्छ धुतलेलं होतं.

"नाना, नितेशला पकडलं तेव्हा त्याचे हात कसे होते म्हणाला मिथुन?"

"लाल."

"मग इथे येऊन हात धुतले कोणी?"

२

हॉस्पिटल डॉक्टर चंद्रप्रकाश खोपकरांच्या मालकीचं. सर्जन, अंगाने उंचापुरे, आवाज असा की समोरच्याला आपोआप खुर्चीवरून उठावंसं वाटावं. संघमित्रा बसूनच राहिली.

"पाठारे चांगला माणूस होता," ते म्हणाले. "पण हात जरा चाचरायचे. मानसी परबच्या केसमध्ये मी थिएटरमध्ये शिरलो तेव्हा ती भुलीत होती. तिच्याशी मी एक शब्दही बोललेलो नाही. तिने काही खाल्लंय, हे तिच्या घशातून बाहेर येईपर्यंत मला माहीतच नव्हतं."

"पाठारे सरांना माहीत होतं?"

"असलं तरी बोलला नाही. आधी नाही आणि नंतरही नाही. आठवडाभर तोंडाला कुलूप लावून फिरत होता. मला आधी कळतं तर मी सुरीला हात लावला असता का?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि खरं सांगू? अर्धी वाटी साबुदाण्याने माणूस मरत नाही, मॅडम. भूलतज्ज्ञाने श्वासाची नळी वेळेत घातली असती तर ती आज घरी असती. हे मी मेलेल्या माणसाबद्दल बाहेर बोलणार नाही, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"आज सकाळी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. केबिनमध्ये. आरडाओरडा ऐकून वर गेलो."

वॉर्डातल्या कुंदा सिस्टर पाच फुटांच्याही आत भरतील एवढ्याच. ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या हातात हत्यारं देणं त्यांचं काम, आणि त्यासाठी त्यांना लाकडी पाट घेऊन उभं राहावं लागे. बोलता बोलता त्यांना रडू फुटलं, तशा उठून बेसिनपाशी गेल्या आणि कोपराने नळाचा दांडा ढकलून त्यांनी तोंडावर पाणी मारलं. कोपरानेच तो बंद केला.

संघमित्रा बघत राहिली. "हात मोकळे असून कोपराने?"

"सवय हो मॅडम. थिएटरमध्ये हात धुतल्यावर कशालाही शिवायचं नसतं ना, नळ कोपराने, दार कोपराने. वीस वर्षं झाली. घरचं दारही तसंच ढकलते, सासूबाई वैतागतात."

"ही सवय इथे आणखी कोणाला?"

"मला आणि खोपकर सरांना. पाठारे सर पेशंटच्या डोक्याशी बसायचे, त्यांना तसे हात धुवायची गरज नसायची. आणि मिथुनचं विचारूच नका, तो हात धुतो तेच नशीब."

संघमित्राने मनातल्या मनात नितेशच्या नावाभोवतीचं वर्तुळ सैल केलं. एक माणूस एकाच दारातून दोन पद्धतींनी बाहेर पडत नाही. नितेश मुठीने बाहेर आला होता. त्याच्याआधी कोणी तरी कोपराने बाहेर पडलं होतं, आणि तसल्या रक्तबंबाळ क्षणीही त्याच्या अंगातली सवय सुटली नव्हती.

"मानसीला खायचं नाही, हे कोणी सांगितलं होतं?"

"मीच. आदल्या दिवशी ओपीडीत. स्पष्ट सांगितलं मॅडम, उद्या उपास आहे, लक्षात ठेव. हो म्हणाली. आणि तरी खाऊन आली! तिच्या एका खोट्यापायी दोन जीव गेले." कुंदाने डोळे पुसायला हात वर केला, बाही मागे सरकली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत गेलेला ताजा, लांब ओरखडा दिसला.

३

"सिस्टरच," खाली गाडीपाशी नाना ठामपणे म्हणाले. "ओरखडा बघितलात ना? मरताना माणूस ओरबाडतोच."

"पाठीमागून कवटी फुटलेला माणूस कोणाला ओरबाडणार नाना?"

नानांना ते पटलं नसावं. टपरीवरून आणलेल्या कागदाच्या पुडीत हात घालून त्यांनी एक मोठा, तांबूस वडा काढला. दोन घासांत तो संपला. मग दुसरा.

"सकाळी चहा विचारला तर म्हणालात आज उपास आहे," संघमित्रा म्हणाली. "तो कधी सुटला?"

"सुटला कुठे? उपासच चाललाय." नानांना तिच्या अज्ञानाची कीव आली. "साबुदाणा वडा आहे हा. उपासाचाच."

संघमित्राच्या घरी उपास-तापास आजोबांच्या काळातच बंद झाले होते. उपास हा शब्द तिला कायम लोकांच्या डब्यातून कळलेला: शाळेत मैत्रिणी उपास आहे म्हणत आणि त्याच दिवशी त्यांचे डबे सगळ्यांत चविष्ट असत. ती हसायची. आता मात्र तिने नानांच्या हातातल्या वड्याकडे रोखून पाहिलं.

"नाना, तुम्हाला डॉक्टरांनी सांगितलं, उद्या उपास, तर तुम्ही काय कराल?"

"करीन की. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ..." बोलता बोलता नानांचा घास तोंडातच राहिला. "अगं आई गं."

ती धावतच पुन्हा वर गेली. कुंदा औषधांच्या कपाटापाशी होती.

"सिस्टर, नीट आठवा. 'उपाशी राहा' म्हणालात, की 'उपास आहे' म्हणालात?"

"उपास म्हणाले. त्यात काय? उपास म्हणजे..." कुंदाच्या हातातला ट्रे खाली पडला आणि काचेच्या कुप्या फरशीभर फुटल्या. "देवा. ती खोटं बोललीच नाही. तिने ऐकलं माझं."

"हा ओरखडा कुठला?"

"मिथुन त्या नितेशच्या तोंडावर स्टँड हाणत होता. मी मध्ये पडले. मारून टाकला असता हो त्याला." ती खाली बसली ती तिथेच, काचांमध्ये.

४

चाळीतल्या खोलीत सुंदराबाई परब नातीची वेणी घालत बसल्या होत्या. मुलगा पोलिसांच्या पहाऱ्यात हॉस्पिटलात पडलाय एवढंच त्यांना कळलं होतं. चार वर्षांची जानकी मान वाकडी करून पोलीसबाईच्या टोपीकडे बघत होती. नितेश आत गेला, तर या दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हतं.

"माझो झील तापट आसा," सुंदराबाई म्हणाल्या. "पण डोक्या फोडूचो नाय तो. रागावता नि मगे रडता."

"आजी, मानसी हॉस्पिटलला निघाली त्या सकाळी काय झालं ते सांगाल? नितेश कुठे होता?"

"तो गॅरेजात. थयसून परस्पर हॉस्पिटलात जातलो होतो. सून आदल्या सांजेक येवन म्हणाली, फाल्या कडक उपास आसा, सिस्टरबायन सांगितल्यान. ऑपरेशन म्हणजे देवाचाच काम, मी म्हटलंय, उपास हवोच. सकाळी उठान खिचडी केलंय. तिका वाटीभर दिलंय. पोटात कळ होती तिच्या, जाईना. अर्धी खाल्ल्यान, अर्धी चेडवाक भरवल्यान."

"मी खाल्ली," जानकी म्हणाली. "आईची अर्धी वाटी."

संघमित्राच्या हातातलं पेन थांबलं.

"आजी, हे तुम्ही कोणाला सांगितलंत? पोलिसांना? हॉस्पिटलात? नितेशला?"

"कोण इचारूक इलो? माणूस मेल्यावर खिचडीचा कोण इचारता? तूच पयली." म्हातारीने रिबिनीची गाठ मारली आणि डोळे बारीक केले. "कित्याक इचारतंस, बाय?"

उत्तर संघमित्राच्या जिभेवर होतं. तिने ते गिळलं, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि जिना उतरली. स्वतःचा तिला भयंकर राग आला होता. कुठल्याही पोलीस प्रशिक्षणात हे शिकवत नाहीत, की म्हातारीच्या हातच्या खिचडीचा पुरावा कसा गोळा करायचा.

५

"मानसीच्या ऑपरेशनच्या वेळी कोण कुठे उभं होतं, तेवढं एकदा दाखवा सर," ती खोपकरांना म्हणाली. "मग कागद संपवते."

ते पुढे झाले. दोन्ही हात रिकामे होते. थिएटरच्या दारापाशी पोचताच त्यांनी कोपर उचललं आणि दार ढकललं. कोपर जिथे टेकलं, त्याच्याच मागे, दाराच्या आतल्या बाजूला, बोटभरही इकडेतिकडे नाही, सकाळचा तो वाळलेला डाग होता. कुंदा सिस्टरचं कोपर त्याच दारावर जेमतेम मुठीपर्यंत आलं असतं.

दार मागे बंद झालं. फरशीवर खडूची आकृती होती.

"मानसीने अर्धी वाटी खाल्ली, हे तुम्हाला कसं कळलं?" संघमित्राने विचारलं.

"म्हणजे? घशातून साबुदाणा आला, मी डोळ्यांनी पाहिला."

"साबुदाणा दिसला असेल. वाटी दिसली नसेल. पूर्ण खाल्ली की अर्धी, हे घशातून येणाऱ्यावरून कळत नाही. ते तीनच माणसांना माहीत होतं. एक म्हातारी, जिला कोणी विचारलं नाही. एक चार वर्षांची पोर. आणि मानसी. म्हणजे तुम्हाला मानसीने सांगितलं, ती शुद्धीत असताना."

"पाठारे म्हणाला असेल."

"तुम्हीच म्हणालात, आधीही नाही आणि नंतरही नाही. तोंडाला कुलूप होतं त्यांच्या."

खोपकरांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही.

"काय झालं ते मी सांगते," ती म्हणाली. "पाठारे, कुठल्याही भूलतज्ज्ञासारखे, प्रत्येक पेशंटला विचारायचे, काही खाल्लंय का. त्यांनी मानसीला विचारलं, ती अभिमानाने म्हणाली, कडक उपास केलाय. पाठारेंनी पुढचा प्रश्न विचारला, उपासाचं काय खाल्लंस? तिने सांगितलं. ते म्हणाले, आज भूल देणार नाही, घरी पाठवा. आणि तुम्ही शेजारी उभे होतात."

"अर्धी वाटी!" खोपकर एकदम ओरडले. "अर्ध्या वाटीसाठी केस रद्द करायची? दुपारी बोरिवलीत माझी दुसरी केस लागली होती. मी म्हटलं, चल, घे, काही होत नाही. हजार वेळा काही होत नाही! नळी त्याच्या हातात होती, माझ्या नव्हे. आणि आता हा निघाला नवऱ्याला सांगायला. म्हणे, झोप लागत नाही. माझं हॉस्पिटल, माझं नाव..."

पुढचं वाक्य त्यांनी हातांनी पूर्ण केलं. ट्रॉलीवरचा स्टीलचा ट्रे तिच्या कानशिलावर आदळला आणि ती टेबलावर आपटली. डोळ्यांपुढे अंधारी आली. तोवर दोन मोठे, सराईत हात तिच्या गळ्यावर आले होते, आणि श्वासनळी नेमकी कुठे असते हे त्या हातांना कोणी सांगायला नको होतं. तिने गुडघा मारला, नखं मारली. पकड ढिली होईना. कानात रक्ताचे ठोके पडू लागले आणि ते हळूहळू दूर जाऊ लागले.

दार धाडकन उघडलं. बाहेर थांबलेल्या नानांनी काही विचार केला असेल असं वाटत नाही. त्यांनी आपली सगळी शंभर किलोंची काया खोपकरांच्या पाठीवर लोटली आणि तिघंही कोसळली. खोपकरांनी उठायचा प्रयत्न केला, तशी नानांनी त्यांचं तोंड फरशीवर एकदा आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. मग खबरदारी म्हणून नानांनी आणखी एकदा आपटलं.

"बस नाना," संघमित्रा खोकत म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तेवढं पुरे."

संध्याकाळी हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या गाडीतल्या पिवळ्या पिशव्या उपसल्यावर रक्ताने कडक झालेला, थिएटरमधला एक हिरवा अंगरखा सापडला. मापाने तो हॉस्पिटलात एकालाच बसत होता.

६

संघमित्रा दुसऱ्या दिवशी गळ्याला पट्टा बांधून पुन्हा चाळीत गेली. नितेश सुटणार, हे तिने आधी सांगितलं. सुंदराबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि मग आपला कालचाच प्रश्न पुन्हा विचारला. खिचडीचं कशाला विचारलंस?

खोटं बोलता आलं असतं. पण उद्या कोर्टात दुसऱ्या कोणी तरी ते म्हातारीच्या तोंडावर फेकलं असतं. संघमित्राने सगळं सांगितलं. पोट पूर्ण रिकामं का लागतं, सिस्टरने कोणता शब्द वापरला, पाठारे काय म्हणाले, खोपकर काय म्हणाले. सुंदराबाई ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या उठल्या, कपाटातून साबुदाण्याचा डबा काढला, बाहेर जाऊन तो गटारात रिकामा केला आणि परत येऊन बसल्या.

खटला दिंडोशीच्या कोर्टात उभा राहीपर्यंत जानकी पहिलीत गेली. मधल्या काळात पाठारेंचा प्रश्न कुंदा सिस्टरने उचलला होता. ती आता दुसऱ्या हॉस्पिटलात होती आणि तिथे प्रत्येक पेशंटला विचारत असे, सकाळपासून तोंडात काय काय गेलं, पाणी, चहा, प्रसाद, सगळं सांग. उपास हा शब्द तिने टाकून दिला होता. नानांनीही टाकला होता. पोलीस ठाण्यात कोणी विचारलं तर ते म्हणत, आज साबुदाणा खातोय.

सुंदराबाई साक्षीला उभ्या राहिल्या तेव्हा खोपकरांच्या वकिलाने आवाज मऊ केला. असा मऊ आवाज ऐकला की संघमित्राचं डोकं फिरतं.

"आजी, खिचडी तुम्हीच केलीत ना?"

"होय."

"तुम्हीच तिला दिलीत? आग्रहाने?"

"होय."

"म्हणजे तुमची सून तुमच्या हातचं खाऊन गेली, असं म्हणायला हरकत नाही?"

नितेश अर्धा उठला होता. संघमित्राने त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं. म्हातारीने कठड्यावरचे दोन्ही हात घट्ट केले आणि वकिलाकडे नाही, आरोपीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. खोपकर तिथे वाकड्या नाकाने बसले होते.

"होय," सुंदराबाई म्हणाल्या. "माझ्या हातची खिचडी खावन गेली ती. जल्मभर माझ्या हाताक वास येतलो तेचो. पण माका म्हायत नव्हता रे बाबा." त्यांनी बोट उचललं. "तेका म्हायत होता."

वकिलाने कागद चाळले आणि पुढे काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं. नितेशने पुढे होऊन आईला कठड्यातून हात धरून खाली उतरवलं, आणि ती बाकावर बसेपर्यंत तो हात त्याने सोडला नाही.